काचेखालच्या दोन ओळी

चूक चौदा वर्षं जेवणाच्या खोलीत भिंतीवर टांगलेली होती. काचेखाली, लाकडी चौकटीत, मागे जाड पुठ्ठा लावून. घरातली तिघं आणि आलागेला पाहुणा तिच्यासमोर बसून जेवत होता आणि एकालाही ती दिसली नव्हती. मास्तरांना बोल लावण्यात अर्थ नाही. ते चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, त्या कागदावरचं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. चौकट तेवढी त्यांनी स्वतः केली होती आणि तिचे कोपरे बघा किती नीट जुळलेत, हे ते पाहुण्यांना अजून दाखवत. पण त्यांच्या बायकोला बोल लावायलाच हवा, कारण त्या बाईचा जन्म असल्या चुका शोधण्यात गेला होता.

कामावरचे लोक तिला कुलूपबाई म्हणत. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला अगदी आतला भाग. कोण आलंय, काय मागतंय, ते द्यायचं की नाही, हे सगळं तो ठरवतो. जगभरातली हजारो माणसं मिळून एक कर्नल लिहितात. त्यातली कुलपं गेली बावीस वर्षं या बाईच्या ताब्यात होती. दोन कामं एकाच क्षणी एकाच नोंदीला हात घालायला आली तर पहिल्याने दुसऱ्याला ‘थांब, माझं होऊ दे’ म्हणायचं, एवढाच त्या कुलपाचा अर्थ. ते नसलं की जे होतं त्याला रेस कंडिशन म्हणतात. कर्नल तपासतो, मागणारा घरचा आहे असं बघून हो म्हणतो, आणि हो म्हटल्यापासून वस्तू हातात देईपर्यंतच्या फटीत कोणीतरी ती वस्तूच बदलून ठेवतं. तपासली एक, दिली भलतीच. ती फट सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढीही नसते. पण चोराला तेवढी पुरते, कारण त्याला कंटाळा येत नाही. तो दिवसभर हात घालत बसतो.

अशीच एक फट एका विद्यापीठातल्या संशोधक बाईंना सापडली. साधा कोणीही माणूस त्या फटीतून शिरून अख्ख्या यंत्राचा मालक होऊ शकत होता. त्यांनी ते रीतसर कळवलं. कळवायचं कुठे, तर एका बंद यादीवर. त्या यादीत तीसेक माणसं, आणि तिचा नियम एकच: ठरलेल्या दिवसापर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, घरातसुद्धा नाही. दुरुस्ती आधी साध्यासुध्या नावाखाली गुपचूप कर्नलमध्ये घालायची आणि ठरल्या दिवशी सगळं जाहीर करायचं. दिवस ठरला शुक्रवार, दुपारी बारा.

पुढच्या नऊ दिवसांत कुलूपबाईच्या नाकी नऊ आले. मागच्या खोलीत तिची तपासणीची तीन यंत्रं होती. थोरली, मधली आणि धाकटी अशी त्यांची नावं मास्तरांनीच ठेवलेली. तिघींवर ती तो हल्ला पुन्हापुन्हा चालवून बघे. चूक कुठे घडते ते कळावं म्हणून तिने मधे एक पहाऱ्याची ओळ घातली की चूक गायब. पहाऱ्याच्या ओळीला लागणारा क्षणभर वेळच चुकीला नाहीशी करत होता. ओळ काढली की पुन्हा हजर. पाचव्या दिवशी तिने दुरुस्ती केली. ती चाळीस लाख वेळा टिकली आणि त्यापुढच्या वेळी धाकटी कोसळली. कुलूपबाई तिथेच जमिनीवर भिंतीला टेकून बसली. मास्तर चहा घेऊन आले, काय झालं म्हणाले, ती काही नाही म्हणाली. खरंच तिला काही सांगता येत नव्हतं.

आठव्या दिवशी दुरुस्ती पक्की झाली. मग तिने एक नेहमीचं काम केलं, जे प्रत्येक दुरुस्तीनंतर करायचं असतं. मूळ चूक कोणत्या बदलातून आली ते शोधायचं. कर्नलच्या एकेका ओळीची जन्मकुंडली ठेवलेली असते: कोणी लिहिली, कोणी काढली, कधी, आणि तो बदल कोणी तपासला. प्रत्येक बदलाला एक लांबलचक नंबर असतो. तिने विचारलं आणि पडद्यावर उत्तर आलं. बदल करणारी तिची मुलगी होती. तपासणारी ती स्वतः.

मुलीला घरात ठकी म्हणत. चौदा वर्षांपूर्वी ठकी वीस वर्षांची होती, कॉलेजात होती, आणि तिने आईच्या कर्नलला पहिला बदल पाठवला होता. कुलूप लावा आणि कुलूप काढा अशा दोन ओळी तिने खोडल्या होत्या आणि कारण लिहिलं होतं की वर तपासणी होतच असल्यामुळे इथे कुलपाची गरज नाही, काढलं तर काम वेगाने होईल. आईने तो त्याच दिवशी घेतला. मास्तरांनी त्या मेलचा कागद छापून आणला आणि त्याची चौकट केली. तीच ही.

कुलूपबाई जेवणाच्या खोलीत गेली, चष्मा वर सारून तिने काचेखालच्या त्या दोन ओळी वाचल्या. पहिल्यांदा. चौदा वर्षं तिने त्या कागदाकडे रोज बघितलं होतं आणि रोज तिला फक्त मुलीचं नाव दिसलं होतं.

सोमवारी सकाळी तिने दुरुस्तीसोबतची टीप लिहिली. गुपित फुटू नये म्हणून तिला नाव दिलं ‘नोंदींची मांडणी सोपी केली’. आता टिपेच्या शेवटी एक ओळ घालायची रीत असते: ही दुरुस्ती अमुक नंबरच्या बदलातली चूक सुधारते. कर्नलच्या जुन्या आवृत्त्या सांभाळणारे लोक त्या ओळीवरूनच ठरवतात की ही दुरुस्ती आपल्याला हवी की नको. तो नंबर आपल्या आवृत्तीत असला तर हवी. त्यांची ही निवड एक आज्ञावली आपोआप करते. ती ओळ कुलूपबाईने घातली नाही. यादीच्या कारभाऱ्याने विचारलंही, नंबर कसा नाही दिला? तिने उत्तर दिलं, उगाच चोरांना सुगावा कशाला द्या. कारभारी म्हणाला, जशी तुमची मर्जी, मोठ्या आवृत्त्या सांभाळणारे यादीत आहेतच, त्यांना आपण आतून कळवलंय. दुरुस्ती कर्नलमध्ये गेली. कुलूपबाईने स्वतःची समजूत घातली की आपण हे गुपितासाठी केलं. समजूत घालायला ती हुशारच होती.

दुपारी ठकीचा फोन आला. तो रोजच येई. ठकी एका औषधपंपाच्या कंपनीत कामाला होती. रुग्णाच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणारे पंप, आणि त्या पंपांच्या पोटात कर्नल. त्यांची आवृत्ती सांभाळायला कंपनीत ठकी एकटी. बोलता बोलता ती सहज म्हणाली, तुझी साफसफाई गेलेली पाहिली, पण आम्ही घेत नाही हं, आज्ञावलीने नको म्हणून सांगितलं.

आईने विचारलं की तुम्ही तर गेल्या वर्षीच नव्या आवृत्तीवर जाणार होता ना. नव्या आवृत्तीची दुरुस्ती थेट मिळते, तिला ना नंबर लागतो ना आज्ञावली, त्यामुळे कुलूपबाई त्या बाजूने निर्धास्त होती. कसलं काय, ठकी म्हणाली, हॉस्पिटलांनी नको म्हटलं, चाळीस हजार पंप अजून अकरा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीवरच आहेत.

कुलूपबाईने हिशेब मांडला. चौदा वर्षांची चूक, अकरा वर्षांची आवृत्ती. चूक त्या प्रत्येक पंपात होती. सगळे पंप वॉर्डाच्या नेटवर्कला जोडलेले, कारण औषधाचं प्रमाण त्यांना तिथूनच जातं. शुक्रवारी बारा वाजता शिरायची वाट जगजाहीर झाली की वॉर्डातल्या कुठल्याही संगणकावरून कोणीही टवाळ माणूस एखाद्याच्या शिरेतलं औषध दुप्पट करू शकणार होता, आणि पंपाच्या पडद्यावर आकडा बरोबरच दिसला असता.

आणि पंपात काहीही बदललं तर ते आधी बहात्तर तास तपासावं लागे. त्याला माफी नव्हती. म्हणजे मंगळवारी दुपारी बाराच्या आत ठकीने ती दुरुस्ती घेतली तरच वेळेत भागणार होतं.

ठकीची कंपनी यादीत नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका साहेबाने दुसरंच एक गुपित वेळेआधी बडबडून टाकलं आणि यादीने कंपनीला बाहेर काढलं. कुलूपबाईने कारभाऱ्याला लिहिलं, मला एका माणसाला सांगू द्या. कारभारी नाही म्हणाला. तिने पुन्हा लिहिलं, रुग्णांच्या जिवाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, यादीत सगळ्यांचाच जिवाचा प्रश्न आहे. विजेचे लोक आहेत, रेल्वेचे आहेत, एकाला सवलत दिली की यादी उरत नाही. तो दुष्ट नव्हता, म्हणूनच त्याच्याशी भांडता येईना. मग तिने संशोधक बाईंना विनवलं की दिवस पुढे ढकला. त्यांनी कळवलं की आणखी कोणीतरी त्याच फटीभोवती घुटमळत असल्याच्या खुणा दिसताहेत, उशीर झाला तर चोरांचंच फावेल. तेही खरं होतं. सगळेच खरं बोलत होते आणि हिचं घोडं तिथल्या तिथे अडलेलं.

मंगळवारी सकाळी नऊला ती ठकीच्या कंपनीत जाऊन थडकली.

ठकी तिला तपासणीच्या खोलीत घेऊन गेली. भिंतीला लावलेल्या मांडण्यांवर दोनशे पंप ओळीने बसवले होते, आणि प्रत्येक पंप खालच्या मोजपट्टीच्या बाटलीत साधं पाणी थेंबथेंब सोडत होता. दोनशे बाटल्यांत थेंब पडण्याचा बारीक आवाज खोलीभर होता. एक बाई वही घेऊन बाटल्यांवरचे आकडे टिपत पुढे सरकत होती. ठकी केस वर बांधून, बाह्या दुमडून कामात होती, आणि आई अशी न सांगता आलेली बघून तिला आधी वाटलं की बाबांना काही झालं.

“बाबा ठीक आहेत,” आई म्हणाली. “तो कालचा बदल घे.”

“कुठला? साफसफाईचा? कारण काय?”

“माझा आहे म्हणून घे.”

ठकी हसली. “आई, हे तू बोलतेस? बदल कोणाचा ते बघू नकोस, काय आहे ते बघ, हे मला कोणी घोकून घेतलं? मी बघितला तो. ओळी वरखाली केल्यात, बाकी काही नाही. चाळीस हजार माणसांच्या हाताला लावलेली यंत्रं मी मांडणीसाठी हलवू होय?”

“माझ्यावर विश्वास ठेव.”

“विश्वासावर चालत असतं तर हे दोनशे पंप कशाला लावून ठेवलेत?”

बरोबरच होतं ते. शब्द न् शब्द आईचाच होता, आणि आज तोच आईच्या आड आला होता. ठकीला तिची दया आली असावी, किंवा आई दमलेली आहे असं वाटलं असावं. तिने आईचा हात धरून तिला स्टुलावर बसवलं.

“तुला ठाऊक आहे का,” ती म्हणाली, “इथे पहिल्या वर्षी मला रोज वाटायचं की आपल्याला हे झेपणार नाही. तेव्हा मी भिंतीवरची ती चौकट आठवायचे. तू लोकांचे बदल आठ-आठ वेळा परत पाठवतेस. मोठमोठे लोक तुला टरकून असतात. आणि माझा पहिला बदल तू एका फटक्यात घेतलास, एक अक्षर न बदलता. म्हटलं, ज्याअर्थी हिने घेतला त्याअर्थी मला येतंय. त्याच्यावर मी अजून उभी आहे.”

कुलूपबाईला वाटलं, आत्ताच्या आत्ता सगळं सांगून मोकळं व्हावं. यादी गेली खड्ड्यात, बावीस वर्षांचा शब्द गेला खड्ड्यात. तिने तोंड उघडलं. आणि तोंडापर्यंत आलं ते फटीचं गुपित नव्हतंच. ‘मी तो वाचला नव्हता’ हे होतं. तेही तिला बोलवेना. ती मूग गिळून उठली आणि कामं पडलीत म्हणून बाहेर आली.

घरी पोचायला अकरा वाजले. मास्तरांनी विचारलं, ठकी बरी आहे ना. ती बरी आहे म्हणाली आणि जेवणाच्या टेबलाशी बसली. समोर भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्या शेजारी चौकट. तासभर उरला होता. ती कधी देवाला हात जोडणाऱ्यातली नव्हती, पण त्या घटकेला कोणी जोडायला सांगितलं असतं तर तिने जोडले असते.

चौकटीत खाली, बारीक अक्षरांत, बदलाचा नंबर छापलेला होता. तो बघता बघता तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं आणि तिला स्वतःची इतकी चीड आली की तिने टेबलावर हात आपटला. नंबर द्यायला यादीची मनाई होती कुठे? साध्यातल्या साध्या चुकीलाही तो नंबर लावतात, रोज शेकडो टिपांना लागतो. त्यावरून कोणाला फटीचा पत्ता लागत नाही. कारभाऱ्याने तर उलट विचारलं होतं, का नाही दिला म्हणून. तो नंबर नेहमीसारखा घातला असता तर ठकीच्या आज्ञावलीने दुरुस्ती सोमवारीच उचलली असती, कोणाला काही सांगावं लागलं नसतं, कोणाचे पाय धरावे लागले नसते. चाळीस हजार पंप उघडे पडले होते ते गुपितापायी नव्हे. आईला मुलीचं नाव चूक म्हणून लिहायचं नव्हतं, आणि त्याच्याखालचं स्वतःचंही, म्हणून ते उघडे पडले होते.

टीप एकदा कर्नलमध्ये गेली की तिच्यात खाडाखोड करता येत नाही. पण राहिलेली ओळ मागाहून कळवण्याची रीत आहे. विसराळू लोक रोज कळवतात. कुलूपबाईने लॅपटॉप टेबलावर आणला, चौकट खिळ्यावरून काढून समोर उभी केली, आणि काचेखालचा तो नंबर एकेक अक्षर बघत टाइप केला. तिच्या यंत्रात तो होताच, पण तिला तो इथूनच घ्यायचा होता. ‘माझ्याकडून राहिलं. ही दुरुस्ती पुढील बदलातली चूक सुधारते.’ खाली नंबर. रिवाजाप्रमाणे नंबरापुढे तो बदल करणाऱ्याचं नाव आलं. अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी तिने तो मेल जुन्या आवृत्त्यांच्या उघड्या फळ्यावर पाठवला, जगाने बघावा असा.

बारा वाजले. काही झालं नाही. साडेबारा. मास्तरांनी ताट वाढलं, ते तसंच राहिलं. ठकीची आज्ञावली तासातासाने फळा वाचत असे, एवढं तिला माहीत होतं. एक वाजता फोन वाजला.

पलीकडून आधी नुसता थेंबांचा आवाज आला.

“आई, हा माझा पहिला बदल आहे,” ठकी म्हणाली. “हा नंबर मला पाठ आहे.”

“हो.”

“यात चूक होती?”

“हो.”

“किती मोठी?”

कुलूपबाई बोलली नाही. ठकीनेही मग विचारलं नाही. आई असल्या गप्प राहण्यातून काय सांगते हे त्या धंद्यातल्या माणसाला कळतं. तिने फोन ठेवला.

जुनी आवृत्ती अकरा वर्षं मागची. नवी दुरुस्ती तिच्यात जशीच्या तशी बसेना. ती बसवून घ्यायला ठकीला तीन तास लागले, आणि दोनशे पंपांवर तपासणी सुरू झाली तेव्हा मंगळवारचे चार वाजले होते. म्हणजे संपणार शुक्रवारी चारला. गुपित फुटणार बाराला. मधे चार तास. बावीस वर्षं कुलूपबाई हेच तर शोधत आली होती, तपासणी आणि वापर यांच्यामधली फट. आता तशीच एक तिने स्वतः करून ठेवली होती, आणि तिच्यात माणसं झोपलेली होती.

बुधवारी ती यादीशी पुन्हा भांडली. गुरुवारी तिने भांडायचंही सोडलं. जेवण जाईना, वाचलेलं कळेना. मास्तर बिचारे दोनदा म्हणाले, डॉक्टरकडे जाऊ या का.

गुरुवारी संध्याकाळी ठकीचा फोन आला. आवाज कोरडा होता. “मी काही विचारत नाही. तू काही सांगू नकोस. मी हॉस्पिटलांना कळवते की उद्या दुरुस्ती पोचेपर्यंत तपासणीसाठी सगळे पंप नेटवर्कवरून काढून ठेवा. नर्सनी औषधाचा आकडा हाताने घालायचा आणि दोघींनी मिळून वाचायचा. किती वाजल्यापासून ते मी ठरवते. सकाळी आठपासून. चालेल?”

यादीचा नियम होता की अक्षर काढायचं नाही. कुलूपबाईने अक्षर काढलं नाही. पण तिचा श्वास सुटला, आणि तो फोनमधून ऐकू गेला.

“मग आठपासूनच,” ठकी म्हणाली.

शुक्रवारी बाराला सगळं जाहीर झालं. फट कशी, शिरायचं कसं, दुरुस्ती कोणती. आणि जन्मकुंडलीही: बदल करणारी अमुक, तपासणारी तमुक. एकच आडनाव दोनदा पाहिल्यावर लोकांना काय, आयतंच कोलीत मिळालं. आईने लेकीचं पास करून टाकलं म्हणून जगभर विनोद झाले. काही विनोद चांगलेही होते. कुलूपबाईने एकही चुकवला नाही. सगळे वाचले, आणि घड्याळ बघत बसली.

बहुतेक हॉस्पिटलांनी वायरी काढल्या होत्या. सगळ्यांनी नाही. कुठे सूचनाच पोचली नव्हती, कुठे नर्सा कमी होत्या. चारला तपासणी संपली आणि पंपांना दुरुस्ती जायला लागली. त्या चार तासांत कुठे काही झालं का, ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि कदाचित कधीच कळणार नव्हतं.

सहा वाजता ठकी घरी आली. बापाला मिठी मारली, आईकडे बघितलं नाही. सरळ जेवणाच्या खोलीत गेली. चौकट अजून टेबलावरच होती. तिच्यासमोर ती खुर्ची ओढून बसली.

“एकच विचारायचंय,” ती म्हणाली. “तू तेव्हा हे वाचलं होतंस?”

मास्तर दारात उभे होते. कुलूपबाईला वाटलं होतं की हा प्रश्न आला की काहीतरी सुचेल. फटी सूक्ष्म असतात, भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतात, असं पुष्कळ सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “तुझं नाव वाचलं आणि सही केली.”

ठकीचा चेहरा पडला. तो उतरत गेलेला आईने डोळ्यांनी पाहिला. चौदा वर्षं ज्या गोष्टीवर पोर उभी होती ती आपणच पायाखालून ओढून घेतली, आणि ती तिथे कधी नव्हतीच, हे दोन्ही तिला एकदमच कळलं. मास्तरांना यातलं काही उमगत नव्हतं, पण कोणीतरी कोणाचं फार मोठं काही मोडलंय एवढं त्यांना दिसलं, आणि ते तसेच दाराला धरून उभे राहिले.

ठकीने चौकट उचलून आईपुढे सरकवली.

“मग आता वाच,” ती म्हणाली.

“अगं, आता काय…”

“मी पाठवलाय. तू वाच.”

कुलूपबाईने चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला. चौकट जवळ ओढली. ती पहिल्यापासून मोठ्याने वाचू लागली, एकेक शब्द, जसे ती परक्यांचे बदल वाचते तशी, थांबत, मागे जात. कारणाचा परिच्छेद झाला. पहिली ओळ झाली. खोडलेल्या दोन ओळींपाशी तिचं बोट थबकलं.

“इथलं कुलूप का काढलंस?”

“वर एकदा तपासलंय ना,” ठकी म्हणाली. ती वीस वर्षांची असताना जे म्हणाली असती तेच.

“वर तपासलंस, खाली वापरलंस. मधे कोणी शिरलं तर?”

ठकी विचार करत राहिली, जणू प्रश्न आत्ताच पडला होता. तिचे डोळे भरून आले होते.

“नाही आलं लक्षात.”

“मग हा मला घेता येणार नाही,” आई म्हणाली. तिने चौकट ठकीपुढे परत सरकवली. “दुरुस्त करून परत पाठव.”

“बरं,” ठकी म्हणाली.